नोट सोडा, काकू

उत्तनची मावशी आमच्या मजल्यावर पोचते तेव्हा साडेदहा झालेले असतात. पाटी खाली घ्यायला मी हात लावते. भाव होतो, घासाघीस होते, कोळंबीचा वाटा ताटात पडतो. मग मी पाकिटातून नोट काढते आणि उजव्या हातानं तिच्या तळव्यावर ठेवते. ठेवते आणि सोडते. मावशी ती कमरेला खोचते आणि निघते. ह्यातलं 'सोडते' हे एक क्रियापद परत मिळवायला मला अकरा महिने लागले, आणि दोन बायकांची मी देणेकरी झाले. एक ही मावशी. दुसरी आता भाईंदरात नाही.

२०१२ सालचा जून. दोन दिवसांनी शाळा उघडायची होती. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. नव्या वर्षाच्या वह्यांना कव्हरं घालून ठेवली होती. लेकीला सातवा महिना, पहिलं बाळंतपण, ती आमच्याकडे यायची होती. सकाळी सातला चहाचा कप उजव्या हातातून सुटला. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. हात आपला जड, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. हे म्हणाले, कुशीखाली दबला असेल. बाम चोळला. शेकलं. दहाच्या सुमाराला चप्पल पायात अडकेना. शेजारच्या आजींनी दारातूनच निदान केलं, "अंगावरून वारं गेलंय हिच्या." पारव्याचं रक्त चोळा म्हणून उपायही सांगितला. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. आमचे साडेचार तास बाम चोळण्यात गेले होते. रक्तदाबाची गोळी मी दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती. कारण काय, तर बरं वाटत होतं. दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या उजव्या तळपायावर टाचेपासून करंगळीच्या बाजूनं वर ओढली. कोणी असं केलं तर पायाची बोटं खाली मुडपतात. माझा अंगठा हळूच वर उठला, बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जोसेफ बाबिन्स्की नावाच्या पॅरिसमधल्या डॉक्टरनं १८९६ साली ही खूण नोंदवली, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच वाटलं, की माझ्याच पायानं माझी चुगली केली.

आठवड्यानं घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली, माझी फिजिओथेरपिस्ट. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. राहायला नालासोपाऱ्याला, शिकलेली परळच्या के.ई.एम.मध्ये. त्याचा तिला केवढा अभिमान! पोलिओनं मुलं पांगळी होत होती त्या काळात, १९५०च्या दशकात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा तिथे सुरू झाली, हे ती आपल्या आजोळची गोष्ट सांगावी तसं सांगायची. पहिला आठवडाभर मी तिला 'डॉक्टर' म्हटलं. नंतर 'पोरी'. ती मला पहिल्या दिवसापासून 'काकू'.

एमआरआयच्या फिल्मवर डाग केवढा, तर हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी तिला म्हटलं, एवढ्याशा डागानं अर्धं अंग गेलं? तिनं फिल्मच्या पाकिटाच्या पाठीवरच चित्र काढलं. डोक्यात वर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड घालावा तशी हालचालींची पट्टी. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग ह्या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या अशा भागाला विजेचा हलका झटका दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. प्रयोगशाळा नव्हती म्हणून हिट्झिगच्या घरातल्या टेबलावर. पुढे माँट्रियलच्या पेनफिल्डनं जाग्या माणसांवर शस्त्रक्रिया करताना ह्या पट्टीचा नकाशा काढला. तो १९३७ साली छापला गेला. त्या नकाशातला माणूस विचित्र दिसतो. तोंड आणि हात हे एवढाले, धड चिमूटभर. "म्हणजे बोलणं आणि बोटं," ती म्हणाली, "ह्या दोन कामांना मेंदूनं सगळ्यात जास्त जागा दिलीय."

"आणि माझा डाग?"

"तो पट्टीवर नाही. खाली, पुलावर आहे."

पूल म्हटल्यावर मला समजलं, कारण ती रोज त्याच पुलावरून यायची. विरार असो, नालासोपारा असो, वसई असो. चर्चगेटकडे जाणारी प्रत्येक लोकल नायगाव सोडलं की खाडीवर येते आणि पाणजू बेट ओलांडून भाईंदरला लागते. लोक कुठल्याही स्टेशनात चढोत, खाडी ओलांडायची जागा एकच. मेंदूतही तसंच आहे. वरच्या पट्टीतून निघालेले धागे पसरट पंख्यासारखे खाली येतात आणि एका चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं एकत्र होतात. तिला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात. वर पट्टीवर डाळीएवढा डाग पडला असता तर कदाचित दोन बोटं गेली असती. तो पुलावर पडला, म्हणून तोंडापासून पायापर्यंतची वाहतूक बंद.

पुलाच्या पुढचा रस्ताही तिनं काढून दाखवला. एकेका बाजूला जवळजवळ दहा लाख धागे. मानेच्या थोडं वर, लंबमज्जेत, दहांतले नऊ धागे बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. म्हणून डाग डाव्या मेंदूत आणि हात गेला उजवा. मग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली. हाताचे धागे मानेशीच उतरतात, पायाचे कंबरेच्या वरपर्यंत जातात. तिथे शेवटची पेशी बसलेली असते आणि तिचाच तंतू स्नायूपर्यंत पोचतो. मेंदूनं काहीही ठरवलं, कुठल्याही वाटेनं ठरवलं, तरी शेवटी ह्याच पेशीच्या दारातून जावं लागतं. शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं तिला शेवटची सामाईक वाट म्हटलं. त्याला पुढे १९३२ साली नोबेल मिळालं. डोक्यापासून हातापर्यंतच्या ह्या सगळ्या प्रवासाला वेळ किती लागतो? सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग. आमच्या फास्ट लोकलला ह्यातलं काही जमलं असतं तर!

महिन्याभरात पाय हलू लागला. ती मला जेसल पार्कच्या चौपाटीवर चालायला न्यायची. पाऊल पुढे टाकताना ताठ पाय बाहेरून अर्धगोल काढत यायचा, विळा फिरवावा तसा. हातात मात्र वेगळंच काहीतरी घडत होतं. तो लोळागोळा होता तोवर निदान गरीब होता. आता कोपर वाकू लागलं, मनगट आत वळलं आणि बोटांची मूठ वळली. अशी घट्ट, की नखं तळव्यात रुतायची. मी तिला विचारलं, "अगं, ह्या हातात पेन धरायची ताकद नाही. मग मूठ आवळायला कुठून आली?"

"काकू, मेंदू हुकूम सोडतो हे खरं, पण त्याहून जास्त तो थांबवतो. मज्जारज्जूला स्वतःचं काम येतं. स्नायू ताणला गेला की आखडायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. वरून सारखा निरोप असतो, आत्ता नको, आत्ता नको. तो निरोप यायचा बंद झाला."

हे पेपर वाचत बसले होते. पेपर बाजूला न करता म्हणाले, "म्हणजे उघाडी मोडली."

ह्यांचं मूळ गाव राई, भाईंदर-उत्तन रस्त्यावरचं. आगरी घर, लहानपण मिठागरात गेलेलं. आगराच्या बांधात पाण्याची ये-जा राखणारं दार असतं, ती उघाडी. उधाणाचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायचं, नको तेव्हा अडवायचं. समुद्र काही आगऱ्यानं बनवलेला नसतो. भरती आपल्या आपण येते. आगऱ्याची अक्कल ती केव्हा आत घ्यायची आणि केव्हा अडवायची ह्यात. उघाडी मोडली तर पाणी कमी येत नाही, जास्त येतं. न विचारता येतं आणि तयार झालेलं मीठ विरघळवून जातं.

ती पेपराच्या त्या भिंतीकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "काका, हे मला कॉलेजात असं सांगितलं असतं तर माझा एक पेपर सोपा गेला असता." त्यानंतर तिनं सांगितलं, की १९११ साली ग्रॅहम ब्राउन नावाच्या माणसानं दाखवलं होतं, मेंदूपासून तोडलेला मांजराचा मज्जारज्जू एकटाच पावलांचा ताल धरू शकतो. चालण्याचा ताल तळाशीच असतो. वरचा मेंदू तो सुरू करतो, आवरतो, वळवतो. लहान मेंदू चुका दुरुस्त करतो. बोटांची बारीक कामं मात्र थेट वरून येणाऱ्या धाग्यांशिवाय होत नाहीत. लॉरेन्स आणि कायपर्स ह्यांनी १९६८ साली माकडांमध्ये नेमके हेच धागे तोडले. काही आठवड्यांत माकडं चालू लागली, पिंजऱ्यावर चढू लागली. पण छोट्या खळग्यातला खाऊ एका बोटानं उकरून काढणं त्यांना पुन्हा जमलं नाही. माझा पाय आधी का आला आणि बोटं शेवटी का राहिली, ह्याचं उत्तर मला त्या माकडांनी दिलं.

सप्टेंबरात नातू झाला. बाळाला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं ते आजीनं, आजी खुर्चीत. एका दुपारी तो माझ्या मांडीवर होता. मला काय सुचलं कोण जाणे, डाव्या हाताच्या नखानं त्याच्या तळपायावर हळूच रेघ ओढली. अंगठा वर! बोटं फाकली! मी घाबरून तिला फोन लावला. ती खळखळून हसली. "काकू, त्याचे धागे अजून तयार व्हायचेत. त्यांच्यावर वेष्टण चढायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर सगळ्याच बाळांचा अंगठा वर जातो." त्याच्या मुठीत बोट दिलं तर तोही ते सोडायचा नाही. ती पकडही तशीच, अजून आवर न बसलेली. एका घरात दोन वळलेल्या मुठी. त्याची चौथ्या-पाचव्या महिन्यात सैल पडत गेली. मी त्याच्या मागे राहिले.

ह्याच काळात तिनं फीचा नियम केला. एका खेपेचे दोनशे रुपये. "एक शंभराची नोट काका देतील. दुसरी तुम्ही, उजव्या हातानं. मी ओढून घेणार नाही." मग व्यायाम संपला की ती माझ्यासमोर तळवा पसरून बसायची. डाव्या हातानं मी उजव्या मुठीत नोट सरकवायची, हात पुढे न्यायची आणि सोडायची म्हटलं की मूठ आणखी आवळायची. जितकी धडपड, तितकी घट्ट. "नोट सोडा, काकू." सुटत नसे. हे आतून म्हणायचे, "तिचा हात लग्न झाल्यापासून सुटलेला नाही." तिघंही हसायचो. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. न सुटलेली नोट ती घेत नसे. वहीत लिहायची: बाकी एक. ह्यांनी आपल्या हातानं द्यायचा प्रयत्न केला, तिनं हात मागे घेतला. होता होता बाकी एकेचाळीसवर गेली. तिच्या घरी काही सोनं पडून नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला मी पाहिला होता.

मूठ एकदाच उघडली होती, तीही मला न विचारता. एका दुपारी मोठी जांभई आली आणि हात आपोआप वर उचलला गेला, बोटं सैल पडली. जांभई संपली, मूठ परत. तिला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. जांभईचा हुकूम वेगळ्या, जुन्या वाटेनं खाली उतरतो. तो पूल शाबूत होता. म्हणजे बोटं मेली नव्हती. निरोप पोचत नव्हता.

त्या दिवसांत मी फार चिडचिड करायची. तिनं एक पुस्तक आणून दिलं, कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचं 'चाकाची खुर्ची'. ऐन तारुण्यात कंबरेखालचं अंग गेलं आणि १९८४ साली ज्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, त्या नसीमादीदींचं. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकरही तिनंच मला सांगितले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पाय गेलेला जवान, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक. "त्यांचा रस्ता पाठीच्या कण्यात तुटला, काकू. तुमचा पूल अर्धा उभा आहे." तिनं उपदेश म्हणून हे सांगितलं नाही. माझं मनगट वाकवता वाकवता, उकाडा फार आहे म्हणावं त्या सुरात सांगितलं.

जानेवारीत तिनं माझा डावा, चांगला हात बांधला. केकवाल्यांचा जाड मोजा असतो ना, तो चढवला आणि मनगटाशी नाडी आवळली. जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ तो काढायचा नाही, दोन आठवडे. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं माकडांमध्ये पाहिलं होतं, की हात थोडा सुधारला तरी माकड तो वापरत नाही, कारण न वापरण्याची सवय जडते. २००६ साली अमेरिकेत दोनशेहून अधिक रुग्णांवर ह्याच उपायाची चाचणी प्रसिद्ध झाली, पक्षाघाताच्या झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या लोकांवर. माझा सातवा महिना होता. बोटं थोडी तरी उघडत असतील तरच हे करतात. माझी दोन बोटं मनगट खाली झुकवलं की किंचित सुटत होती. "पण व्यायाम नको," ती म्हणाली, "काम हवं. खरं काम."

तिसऱ्या दिवशी मावशी आली. माझा मोजा बघून पदर तोंडाला लावून हसली. मग तिला सगळं सांगितलं. ती पाटी सोडून दारातच बैठक मारून बसली. वाट्यातली एक कोळंबी उचलली, डोकं आपल्या बोटांत धरलं आणि धड माझ्यापुढे केलं. "डोकं मी धरते, बाय. तू कवच काढ."

कोळंबी सोलायला दोन हात लागतात. माझा एक मोज्यात होता. तो दुसरा हात मावशीनं दिला. पायांच्या बाजूनं अंगठ्याचं नख आत घालायचं, कवच उचकटायचं, मग शेपटी चिमटीत धरून सोडवायची. पहिली कोळंबी मी चेचली. दुसरी माझ्या मुठीत गेली आणि मावशीला ती मुठीतून उकरून काढावी लागली. "जोर नको करू. जोर आमच्या पुरुषांना जाळं ओढायला. ह्याला नख लागतं नख." त्या दिवशी चार सोलल्या. तिची पाटी अर्धी भरलेली, उन्हं चढत होती, खालच्या दोन सोसायट्या राहिल्या होत्या. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी परत बसली. दोन आठवडे रोज वीस मिनिटं बसली. पैसे मात्र कोळंबीचेच घेतले, वीस मिनिटांचे नाही.

पाठीवरचा काळा दोरा काढताना मी एकदा फिजिओला म्हटलं, बघ, हा हिचा मज्जारज्जू. ती म्हणाली, "नाही काकू, ते आतडं. कोळंबीची नस पोटाच्या बाजूनं असते." म्हणजे मी इतके दिवस उलट्या बाजूनं हळहळत होते.

नोट सुटली मे महिन्यात. नाटक काही झालं नाही. बाहेर दळणवाला आला होता, माझं लक्ष दाराकडे होतं, आणि तिच्या तळव्यावर कागद पडल्याचा आवाज आला. ती काही बोलली नाही. वही उघडून 'बाकी चाळीस' लिहिलं आणि तळवा परत पुढे केला.

त्यानंतर रोज नव्या नोटेबरोबर जुन्या दोन-तीन फेडायच्या, असा क्रम पडला. पण हात दमला की उघाडी पुन्हा मोडायची. जूनच्या शेवटी तिचं लग्न होतं, सासर बेळगाव. शेवटच्या दिवशी मी हट्टानं सगळी बाकी फेडायला बसले. दहा नोटा सुटल्या. अकराव्या वेळी मूठ जी वळली ती उघडेना. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बोटं एकेक सैल केली, नोट माझ्याच मांडीवर ठेवली आणि वहीत शेवटची ओळ लिहिली: बाकी नऊ.

पैसे बँकेतून पाठवते म्हणून मी पुढे फोन केला. ती म्हणाली, "बँकेला कशाला बोटं लागतात, काकू? मी येईन तेव्हा द्या." ती अजून आलेली नाही. दिवाळीला फोन येतो. तिची मुलगी बोलायला लागली तेव्हा तिनं तिला फोनवर मला 'भाईंदरची आजी' म्हणायला शिकवलं.

तिचं पुस्तकही परत द्यायचं राहिलंच. ते कपाटात आहे आणि त्यात शंभराच्या नऊ नोटा आहेत. हात जास्त आखडला की, थंडीत तो आखडतोच, मी पुस्तक काढते. टेबलावर एकेक नोट ठेवते, सोडते. नऊ मोजते. मग त्या परत पुस्तकात घालते.